मांजरीचा भाकडकाळ

गोठ्यात वावरलेल्या माणसाला ‘भाकड’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. व्यायच्या आधीचे साधारण साठ दिवस गाईचं दूध आटवतात. त्या दिवसांत ती काही देत नाही, खाते मात्र रोज, आणि तरीही जाणता माणूस ते दिवस तोट्यात धरत नाही. पुढचं वेत त्यांच्यावरच उभं असतं. मांजरांची पैदास करणाऱ्यांच्या बोलण्यात हा शब्द येत नाही. मादी व्यायली, पिल्लांचं दूध तुटलं, मादी पुन्हा माजावर आली, बोक्याला दाखवली, असा सरळ हिशेब असतो. मधल्या काळाला नाव नाही, म्हणून तो कुणी मोजतही नाही.

तो मोजायला हवा, वजनकाट्यावर आणि कॅलेंडरवर, दोन्हीकडे. आणि जो मोजणार नाही त्याच्या पिल्लांना वंशावळीचा कागद मिळता कामा नये.

पहिली अडचण अशी की मांजरीचं शरीर स्वतःहून थांबत नाही. तिचा माज उजेडावर चालतो. रोज बारा ते चौदा तास उजेड मिळू लागला की चक्र सुरू होतं. मोकळ्यावर राहणाऱ्या मांजरीला हिवाळ्याच्या आखूड दिवसांत थोडी उसंत मिळते, पण ज्या घरात रात्री अकरापर्यंत दिवे जळतात तिथल्या मांजरीच्या मेंदूला वर्षभर मोठाच दिवस दिसतो. माज साधारण आठवडाभर टिकतो, मादी फळली नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येतो. शिवाय मांजरीत बीज सुटतं ते बहुतेक वेळा समागमामुळेच. बोक्याच्या लिंगावरच्या बारीक काट्यांचा स्पर्श मेंदूपर्यंत पोचतो, तिथून एलएच नावाचं संप्रेरक सुटतं आणि दिवस-दोन दिवसांत बीज बाहेर पडतं. एका समागमाने हे घडेलच असं नाही; दोन-तीन दिवस रोज तीन-चार वेळा जोडी जमली तर क्वचितच वाया जातं. गाईसारखं ‘वेळ हुकली’ हे इथे फारसं होत नाही.

व्यायल्यावर माज परत कधी येतो? बहुतेकींना दूध तुटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी. पण काहींना पिल्लं अंगावर पीत असतानाच येतो, अगदी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातसुद्धा. पिल्लं दगावली तर तो आणखी लवकर येतो. दूध पाजणारी मादी गाभण राहत नाही, हा समज मांजरीच्या बाबतीत भरवशाचा नाही. आता गणित करा. गर्भकाळ सरासरी ६५ दिवस. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी फळलेली मादी मागच्या वेतापासून ८६व्या दिवशी पुन्हा विते. कागदावर वर्षाला चार वेतं होतात. हे जमतं म्हणून करायचं, असं म्हणणारे आहेत, आणि वाद आहे तो त्यांच्याशीच.

शरीराच्या बाजूने पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. कुत्रीचं वजन मुख्यतः गर्भकाळाच्या शेवटच्या टप्प्यात वाढतं. मांजरीचं फळल्यापासूनच चढत जातं, कारण ती पिल्लांबरोबर स्वतःच्या अंगावर चरबीही साठवत असते. चार किलोची चांगली मादी व्यायला टेकेपर्यंत साडेपाच किलोच्या आसपास जाते, म्हणजे सुमारे ४० टक्के वाढ. पिल्लं आणि वार बाहेर पडल्यावर या वाढीतला निम्माही भाग कमी होत नाही. मादी पाच किलोला थोडी कमी भरते. वरचा हा जवळजवळ किलोभर म्हणजे दुधासाठी भरून ठेवलेली कणगी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दूध ऐन भरात असतं, मादीची गरज नेहमीच्या दुप्पट ते तिप्पट होते, आणि कितीही चांगलं खायला घातलं तरी तेवढं तिच्या पोटात मावत नाही. उरलेलं कणगीतून निघतं. आठवा आठवडा संपताना कणगी रिकामी होते, आणि ती तशी व्हावी हेच अपेक्षित आहे.

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा फळलेल्या मादीला ज्या दिवसांत कणगी उपसायची त्याच दिवसांत ती भरायचीही असते. चरबी संपली की शरीर मांसाला हात घालतं. हे डोळ्यांना उशिरा दिसतं, कारण केस झाकून ठेवतात आणि पोट खाण्याने भरलेलं असतं. हाताला मात्र लगेच कळतं. मादी उभी असताना खांद्याच्या फऱ्यांपासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीवरून बोटं फिरवा. कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीचा मांसाचा पट्टा लागायला हवा आणि मणक्यांची टोकं त्यात बुडालेली असावीत. ती कंगव्याच्या दातांसारखी एकेक मोजता येत असतील, कमरेची हाडं वर आली असतील, डोक्यावरचा फुगीर भाग बसला असेल, तर काट्यावरचा आकडा काहीही सांगो, ती मादी अजून मागच्याच वेताची फेड करते आहे.

म्हणून निकष दोन हवेत आणि दोन्ही एकदम. वजन मागच्या वेळी फळण्याआधी होतं तिथे परत यावं आणि सलग चार आठवडे तिथेच राहावं. आणि पाठीचा तो पट्टा भरलेला असावा. चार आठवडे अशासाठी की दूध तुटल्यावर वजन भराभर चढतं, ते चरबीचं असतं. मांस मागाहून भरतं. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी खाण्याआधी, एकाच काट्यावर, दहा ग्रॅमपर्यंत नोंदवावं. ‘बरी दिसते की’ या वाक्यावर मादी बोक्याला दाखवू नये. पहिलटकरणीला आणखी सवलत द्यावी. सहा-सात महिन्यांची मादी माजावर येते, पण ती स्वतःच वाढते आहे. वर्षाच्या आत तिला फळवू नये, आणि मेन कूनसारख्या तीन वर्षांपर्यंत अंग धरणाऱ्या जातीत तर वर्षही लवकरच.

पिल्लांच्या बाजूने हाच ८६ दिवसांचा आकडा पुन्हा पाहा. पिल्लू बारा आठवड्यांचं होईपर्यंत आईजवळ आणि भावंडांत राहावं, यावर जबाबदार ब्रीडरांत आता फारसे मतभेद नाहीत. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाच्या २०१७ सालच्या अभ्यासात तर आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा जास्त आढळला, आणि चौदा आठवडे थांबवण्याची शिफारस त्या संशोधकांनी केली. ८६ दिवस म्हणजे बारा आठवडे आणि दोन दिवस. नवं वेत येतं तेव्हा मागची पिल्लं घरातच असतात, किंवा ती वेळेआधी हलवलेली असतात. बारा आठवडे भरून गेली तरी मधे जेमतेम दोनच दिवस उरतात.

घरातच असली तर काय होतं? विण्याच्या पेटीत शंभर ग्रॅमची आंधळी पिल्लं सडं शोधत असतात आणि मागून सव्वा किलोचं तीन महिन्यांचं पोर येऊन आडवं होतं. आईला पान्हा फुटलेला असतो, ती त्याला हाकलतेच असं नाही. पहिल्या दिवसाचा चीक तेच पिऊन टाकतं. नवजात पिल्लाच्या आतड्यातून रोगप्रतिकारक द्रव्यं रक्तात शिरतात ती जन्मानंतर जेमतेम सोळा-अठरा तास. मग ते दार बंद होतं. त्या तासांत ज्याला चीक मिळाला नाही त्याला नंतर कितीही दूध पाजलं तरी ती भरपाई होत नाही. असं पिल्लू चौथ्या-पाचव्या दिवशी मलूल पडलं की ‘कमजोरच होतं’ म्हणून सोडून देतात. कमजोर नव्हतं, उपाशी राहिलं.

शिवाय तिसऱ्या आठवड्यात माजावर आलेल्या आईचं लक्ष पेटीत नसतं. ती ओरडते, दारं खरवडते, पुढचे पाय टेकून मागचं अंग उचलते. पिल्लं माणसांना आणि जगाला सरावतात तो काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा, आणि आईची बेचैनी नेमकी त्याच काळात येते.

मला सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा मात्र दूध-मांसाचा नाही. मादी सतत गाभण किंवा दुभती असेल तर तिच्यावर उपचार करायला मोकळा दिवसच सापडत नाही. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारावरची जिवंत विषाणूची लस गाभण मादीला देता येत नाही. पोटातल्या पिल्लांच्या लहान मेंदूची वाढ खुंटते आणि ती आयुष्यभर झोकांड्या खात चालतात. नायट्यावरची पोटात द्यायची बुरशीनाशकं गर्भाला बाधतात. दात साफ करायचे तर भूल द्यावी लागते. पर्शियनमध्ये मूत्रपिंडातल्या गाठी आणि मेन कून, रॅगडॉल वगैरे जातींत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार यांच्या तपासण्या निवांतपणे, मादी स्वतःच्या मूळ स्थितीत असताना करायच्या असतात. हृदयाची तपासणी तर एकदा करून भागत नाही, कारण तो विकार वयाबरोबर उघड होतो. मांजरांतला ल्युकेमियाचा विषाणू आणि एफआयव्ही (मांजरांचा, एचआयव्हीसारखा विषाणू) यांच्या रक्तचाचण्या नव्या जोडीआधी हव्यात. ही सगळी कामं भाकडकाळातच बसतात. म्हणून या काळाला ‘विश्रांती’ म्हणणं मला अपुरं वाटतं. गाडी गॅरेजात असते तेव्हा ती विश्रांती घेत नसते.

क्रमही सांगायला हवा. दूध तोडताना मादीला उपाशी ठेवू नये. मांजराला दोन-तीन दिवसांच्या उपासानेही यकृतात चरबी साचण्याचा धोका असतो. पिल्लं टप्प्याटप्प्याने दूर ठेवावीत आणि वाढवलेलं खाणं आठवडाभरात नेहमीच्या मापावर आणावं, म्हणजे दूध आपोआप आटतं. सडं रोज चाचपावीत. एखादं गरम, कडक, लालसर झालं तर न थांबता डॉक्टरला दाखवावं. जंताचं औषध पिल्लांच्या तिसऱ्या आठवड्यापासून आईलाही बरोबरीने चालू असतं, कारण मांजरांतले गोलकृमी दुधातून पिल्लांत जातात. दूध आटल्यावर एक मात्रा पुन्हा द्यावी. दोन-तीन आठवड्यांनी, अंग सावरल्यावर, लस. मग रक्त, दात, गर्भाशयाची सोनोग्राफी. एवढं नीट करायचं तर दोन महिने सहज जातात, आणि वजन भरायला लागणारा वेळ साधारण तेवढाच असतो.

एका मादीचं अंतर पाळलं की झालं, असंही नाही. खोलीचंही एक अंतर असतं. मांजरांतला हर्पीस विषाणू एकदा शिरला की बहुतेकांच्या अंगात दबून राहतो आणि ताण पडला की बाहेर पडू लागतो. बाळंतपण आणि दूध पाजणं हा मोठा ताण. व्यायल्यानंतर चार-सहा आठवड्यांत मादी विषाणू सोडायला लागते, आणि पिल्लांना आईच्या चिकातून मिळालेलं संरक्षण नेमकं तेव्हाच ओसरत असतं. त्यातून एक वेत शिंकायला लागलं आणि शेजारच्या पेटीत दुसरं दोन आठवड्यांचं असलं, की लहान पिल्लांचे डोळे जातात. मांजरांच्या कोरोना विषाणूचंही (हा कोविडचा नव्हे) तसंच. मोठी पिल्लं विष्ठेतून तो सोडत राहतात आणि लहानांना मातीच्या ट्रेमधून गाठतो.

आता हे गणित पाहा. समजा घरात तीन माद्या आहेत आणि प्रत्येकीची दोन वर्षांत तीनच वेतं होतात. आंतरराष्ट्रीय मांजर महासंघाच्या, पुढे येणाऱ्या, नियमाला धरून, चोख. एकूण वेतं नऊ, दिवस ७३०. म्हणजे सरासरी दर ८१ दिवसांनी एक वेत. पिल्लं बारा-तेरा आठवडे राहतात, म्हणजे ८४ ते ९१ दिवस. तिघींचा कागद स्वच्छ आहे आणि खोली दोन वर्षांत एक दिवसही रिकामी नाही. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू जमिनीच्या भेगांत वर्षभर तग धरतो, नायट्याचे बीजाणू त्याहूनही जास्त. ते जायला आधी सगळं कोरडं झाडून, साबणाने धुऊन, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि ३२ भाग पाणी असं द्रावण किमान दहा मिनिटं ओलं राहील असं लावावं लागतं, पुन्हा धुऊन वाळवावं लागतं. मांजरं आत असताना यातलं काही होत नाही. त्यामुळे तीन माद्या सांभाळणाऱ्याकडे एकतर दोन वेगळ्या खोल्या हव्यात किंवा वेतं कमी हवीत.

विरोधी बाजूत दम नाही असं नाही. त्यातला सर्वांत गंभीर आक्षेप गर्भाशयाचा आहे. ‘माज रिकामे घालवले की गर्भाशयात पू होतो, म्हणून सलग वेतं घेऊन मादीला लवकर निवृत्त करा’, असं अनुभवी लोकही सांगतात. हा युक्तिवाद कुत्र्यांकडून उसना आणलेला आहे. कुत्रीत प्रत्येक माजानंतर, फळो न फळो, दोन महिने प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं संप्रेरक, वर राहतं. त्याने गर्भाशयाचं अस्तर जाडावतं, गाठी होतात आणि जंतूंना घर मिळतं. मांजरीत बीज सुटलंच नाही तर प्रोजेस्टेरॉन चढतच नाही. त्यामुळे बोक्याशिवाय गेलेला माज हा कुत्रीच्या रिकाम्या माजासारखा नसतो.

पण इथे एक पळवाट उरते, ती लपवू नये. काही माद्यांत बोका न लागताही बीज सुटतं. बोक्याच्या नुसत्या सहवासाने, पाठीवर जास्त थोपटण्यानेसुद्धा. ओळखायची खूण सोपी आहे. एरवी दोन-तीन आठवड्यांनी येणारा माज पाच-सहा आठवडे आलाच नाही, आणि मादी गाभणही नाही, म्हणजे खोटा गर्भ होऊन गेला. असं वारंवार होत असेल तर त्या मादीला वर्ष-वर्ष थांबवणं धोक्याचं आहे हे मान्य करायला हवं. तिला वजन भरल्याबरोबर फळवावं, एखादं वेत घेऊन बंद करावं. म्हणजे तिची वेतं कमी होतात, वाढत नाहीत. सलग चार वेतांचं समर्थन यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप माजाच्या त्रासाचा. काही माद्या, विशेषतः सियामी आणि ओरिएंटल जातींतल्या, आठवडा माज, आठवडा खंड अशा चालतात. खात नाहीत, ओरडून ओरडून झडतात. गर्भकाळापेक्षा माजानेच जास्त उतरतात हे खरं आहे. अशा मादीला दुसरं वेत थोडं लवकर घेऊन नंतर वर्षभर थांबवणं हा कमी वाईट पर्याय असू शकतो. डॉक्टरने तपासून, लेखी देऊन, एकदा.

तिसरा आक्षेप ‘निसर्गात तर असंच चालतं’. हा मला आळशीपणाचा वाटतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या मोकाट मांजरींवरचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मादीमागे वर्षाला सरासरी १.४ वेतं निघाली. १६९ पिल्लांपैकी १२७ सहा महिन्यांच्या आत मेली किंवा नाहीशी झाली. म्हणजे ज्या निसर्गाचा दाखला द्यायचा तोसुद्धा वर्षाला चार वेतं घेत नाही, आणि जी घेतो त्यांची पाऊण पिल्लं गमावतो. वर्षाला दीड वेत ही मर्यादा मोकाट मांजरीच्या बरोबरीचीच आहे. पाळलेल्या मादीकडून याहून जास्त मागणाऱ्याने निसर्गाचं नाव घेऊ नये.

अंतर ठेवायचं म्हणजे माज आवरायचा कसा? पहिला उपाय बोका वेगळा ठेवण्याचा, आणि तो मादी व्यायल्या दिवसापासून. एका दाराने वेगळा पुरत नाही. दोन दारं हवीत, कारण एक उघडताना पायातून निसटणारं जनावर आहे हे. घरातली मागच्या वेताची बोकेपिल्लं विसरू नयेत. पाच-सहा महिन्यांचं पोर आईला किंवा बहिणीला फळवू शकतं, आणि ‘लहान आहे अजून’ म्हणून झालेली वेतं बरीच असतात. ठेवायचं पिल्लू पैदाशीचं नसेल तर चौथ्या महिन्यात त्याचं ऑपरेशन उरकावं. नर असल्यास त्यानंतरही काही आठवडे त्याला माद्यांपासून दूर ठेवावं. नळ्यांत शुक्राणू उरलेले असतात.

दुसरा उपाय उजेडाचा. दूध तुटल्यावर मादीला रोज आठ तासच उजेड आणि सोळा तास खरा काळोख दिला तर काही आठवड्यांत चक्र थंडावतं. दाराखालून येणारी पट्टीसुद्धा बंद करावी लागते. औषधांत मेलाटोनिनची १८ मिलिग्रॅमची कातडीखाली बसवायची कांडी दोन ते चार महिने माज थोपवते. अंतर ठेवण्यासाठी हा काळ अगदी जुळणारा आहे. ती माज चालू नसताना बसवायची असते. डेस्लोरेलिनची कांडी कधी वर्षभर, कधी त्याहून बरीच जास्त चालते, तीही सुरुवातीला एक माज आणून. कधी उतरेल सांगता येत नाही, म्हणून वेतांच्या नियोजनाला ती बेभरवशाची.

नस कापलेल्या बोक्याकडून खोटा गर्भ करवून पाच-सहा आठवडे मिळवणं ही युक्ती चालते, पण दर खेपेला प्रोजेस्टेरॉन चढतं. म्हणजे ज्या पुवाची भीती दाखवायची त्यालाच आमंत्रण. आणि मेजेस्ट्रॉल किंवा मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन या प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधांच्या गोळ्या-इंजेक्शनं, तीही कुणाच्या सांगण्यावरून माणसांच्या औषधांतली, हा प्रकार तर बंदच व्हायला हवा. गर्भाशयात पू, सडं लिंबाएवढी सुजणं, स्तनांच्या गाठी, मधुमेह, हे सगळे त्यांचे माहीत असलेले परिणाम आहेत. एक माज टाळायला इतकी किंमत मोजायचं कारण नाही.

आता नियमाकडे. फिफे हा आंतरराष्ट्रीय मांजर महासंघ १९४९ पासून आहे आणि त्याच्या पैदास-नियमांत मर्यादा स्पष्ट आहे: एका मादीची २४ महिन्यांत जास्तीत जास्त तीन वेतं. सरासरी अंतर आठ महिने, २४३ दिवस. त्यातले ६५ गर्भाचे, ८४ पिल्लांचे, उरतात ९४. तीन महिन्यांचा भाकडकाळ. आकडा शहाणपणाचा आहे, पण त्यात एक भोक आहे. नियम वेतं मोजतो, अंतर मोजत नाही. पहिल्या दिवशी, ८६व्या दिवशी आणि १७२व्या दिवशी व्यायलेली मादीसुद्धा तीनच वेतांत बसते. सहा महिन्यांत तीन बाळंतपणं, आणि कागद निर्दोष. पुढे दीड वर्ष थांबली तरी मधल्या सहा महिन्यांत जे झडलं ते झडलंच.

म्हणून तीनच्या मर्यादेला एक जोड हवी: दोन जन्मतारखांत किमान १८० दिवस. त्यातून ६५ वजा केले की बोका दाखवायचा दिवस व्यायल्यानंतर ११५वा येतो. मागची पिल्लं ८४व्या दिवशी गेलेली असतात, मादीला निव्वळ महिना मिळतो. हा किमान आहे, आदर्श नव्हे. पिल्लं जन्मतःच गेली असतील तर दुधाचा भार पडत नाही आणि १८० दिवस जास्त होतात हे खरं. तिथे डॉक्टरच्या दाखल्याने सूट असावी, पण ती पिल्लं का गेली याची तपासणी झाल्यावरच. सिझेरियन झालेलीला उलट जास्त थांबवावं आणि सोनोग्राफीत टाक्यांची जागा पाहून मगच ठरवावं.

हे राबवणं अवघड नाही. नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे प्रत्येक वेताची जन्मतारीख असतेच. दोन तारखांची वजाबाकी संगणकाला करायची आहे. अवघड आहे ते नोंदवलेच न गेलेल्या वेतांचं. चांगलं वेत कागदावर आणि मधलं ‘बिनकागदाचं’ स्वस्तात, ही जुनी वाट आहे. ती बुजवायची तर मादीच्या मायक्रोचिपच्या क्रमांकावर तिची सगळी वेतं कुणालाही पाहता आली पाहिजेत, आणि पिल्लू देताना त्याचीही चिप आईच्या क्रमांकाशी जोडलेली असली पाहिजे. मग बिनकागदाचं पिल्लू चिपशिवायच राहील, आणि घेणाऱ्याला ते ओळखता येईल. यावर ऐकू येणारं उत्तर असं की इतकं कडक केलं तर छोटे ब्रीडर नोंदणीच सोडतील. सोडू देत. ज्या कागदावर पणजोबाचं नाव आहे पण आईचं मागचं वेत कधी झालं ते नाही, त्या कागदाने पिल्लाबद्दल फारसं काही कळत नाही.

घेणाऱ्याने तोपर्यंत स्वतः विचारावं. आईचं मागचं वेत कोणत्या तारखेला झालं, तेव्हा तिचं वजन किती होतं, आज किती आहे. आणि आई दाखवायला सांगावी. पाठीवरून हात फिरवू दिला नाही तर का नाही, तेही विचारावं.

चुकून फळलेल्या दुभत्या मादीचं काय करायचं, हा प्रश्न नेहमी रात्री उशिरा येतो. पैदाशीतून तिला काढायचंच असेल तर पिल्लं जरा मोठी झाल्यावर, गर्भ लहान असतानाच ऑपरेशन करून घेणं सर्वांत सुरक्षित. ठेवायची असेल तर डॉक्टर गर्भ उतरवणारं औषध देऊ शकतात. घरी काही देऊ नये. पुढे न्यायचंच ठरलं तर साधारण विसाव्या-पंचविसाव्या दिवशी सोनोग्राफीने ठोके पाहावेत, मागच्या पिल्लांना चौथ्या आठवड्यापासूनच बाहेरचं खाणं सुरू करून आठव्यापर्यंत दूध पूर्ण तोडावं, मादीला पिल्लांचंच खाद्य हवं तेवढं ठेवावं. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र घालू नयेत; गर्भकाळात बाहेरून कॅल्शियम मिळालं की शरीराची स्वतःचं काढायची यंत्रणा सुस्तावते आणि दुधाच्या भरात आचके येतात. पंचेचाळिसाव्या दिवसानंतर एक्स-रे काढला की पिल्लं किती आहेत ते कळतं. चारपेक्षा जास्त असली तर दर दोन-तीन तासांनी वरचं दूध पाजायला माणूस आधीच ठरवून ठेवावा. आणि ते वेत झालं की त्या मादीचं पुढचं वर्ष मोकळं ठेवावं. वय पाच-सहाच्या घरात असेल तर दूध आटल्यावर थेट ऑपरेशनची तारीख घ्यावी.